सटवाची बारावी फेरी

ज्वारी पिवळी पडायला लागली की माझा स्वभाव बिघडतो, असं घरातली माणसं म्हणतात. तसा तो बारा महिने बिघडलेलाच असतो. त्या दिवसांत झाकता येत नाही, एवढंच. परभणीतल्या आमच्या कॉलनीतून आता ज्वारी दिसत नाही. पण माघातली ती कोरडी थंडी, सकाळी ओठ फाडणारी आणि दुपारी अंगातलं स्वेटर काढायला लावणारी, न चुकता येतेच. मागच्या मोकळ्या प्लॉटवर कुणीतरी म्हशीसाठी कडब्याची गंजी रचतं. तो वास आला की मी गच्चीवर जायचं टाळतो.

परवा शेजारी टीव्हीवर लांब पल्ल्याची शर्यत लागली होती. आपला एक मुलगा त्यात पळत होता आणि पाचवा आला. शेजारी बँकेतून रिटायर झालेले आहेत, आमच्या घरच्या सहा पायऱ्या चढले तरी कठड्याला धरून उभे राहतात. चिवड्याची मूठ तोंडात टाकत ते म्हणाले, "छे, निराशा केली यानं. बऱ्याच अपेक्षा होत्या." चहा अर्धा ठेवून मी उठून आलो. ते माझ्या बायकोला म्हणाले म्हणे, "सरांना कशाचा राग आला कळलं नाही." राग त्यांचा आलाच नव्हता. ते वाक्य मी ओळखीचं म्हणून ऐकलं. मी स्वतः ते एकदा लिहिलं आहे, छापून आणलं आहे, आणि छापलेलं बघून दिवसभर खूश होतो.

पोलीस ॲक्शन होऊन सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा. निजामाचा हाली रुपया जाऊन भारत सरकारचा कलदार आला होता, तरी बाजारात म्हाताऱ्या बायका भाव हालीतच करायच्या. मी नुकताच मॅट्रिक झालेला, एकवीस वर्षांचा, गंगाखेडपासून तीन कोसांवर गोदेच्या काठी एका गावात मराठी शाळेचा मास्तर. सदरा इस्त्रीचा, खिशाला पेन. गावाला सरकारी कागद वाचता येत नव्हता आणि मला येत होता, एवढ्या भांडवलावर मी गावातला शहाणा माणूस झालो होतो. शहाणपणाची सवय फार लवकर लागते.

त्या गावात सटवाजी नावाचा डाकेचा हरकारा होता. सगळे त्याला सटवा म्हणत. धनगराचा, तिशीच्या आतबाहेरचा, अंगाने वाळकाच. त्याचा बाप डाक न्यायचा, नंतर हा न्यायला लागला. सकाळी गंगाखेडच्या टपाल कचेरीतून पिशवी उचलायची आणि काठाकाठाने पाच गावं पळत करून संध्याकाळच्या आत परत पोचवायची. रोज. पावसाळ्यात ओढे भरले की पिशवी डोक्यावर. चावडीतलं घड्याळ बंद पडलं तर पाटील ते सटवाच्या येण्यावर लावायचे. पण गंमत अशी, की हे पळणं कुणी पळणं म्हणून बघितलंच नव्हतं. पोखर्णीला नरसिंहाच्या जत्रेत तो दरवर्षी पैजेने पळायचा आणि फेटा, कडं, कधी एखादी शेळी जिंकून आणायचा, ते मात्र पळणं. तेव्हा गाव म्हणायचं, आपला सटवा.

त्या वर्षी गंगाखेडहून काठाने सर्व्हिसची मोटार सुरू झाली. डाक मोटारीने जाणार, मार्चअखेर हरकाऱ्याचं काम बंद, असा कागद आला. तो कागद त्याला मीच वाचून दाखवला. त्याच आठवड्यात मी साप्ताहिकात वाचलं की प्रजासत्ताक दिनाला परभणीत जिल्ह्याच्या शर्यती आहेत. एका पलटणीचे साहेब बघायला येणार आहेत आणि तीन मैलांच्या शर्यतीत जे पहिले दोघं येतील त्यांना पलटणीत पगारी पळणारे म्हणून ठेवून घेणार आहेत. नुसतं पळायचं आणि महिन्याला पगार. मी चावडीवर ते मोठ्याने वाचलं, तेव्हा कुणाला पटेना. सटवा दोनदा म्हणाला, "निस्तं पळायचं? पिशवी न्हाई काई न्हाई?"

अर्ज मी भरला. गोदेच्या काठी पडीक रानात दोरीने मोजून गोल आखला, कडेने चुलीतली राख टाकली. बारा फेऱ्या म्हणजे तीन मैल. सटवाने दोन फेऱ्या मारल्या आणि थांबून मला म्हणाला, "गुर्जी, ह्यात पोचायचं कुटं?"

मी हसलो. तो हसला नाही. "डाकेला म्होरं कायतरी येत असतंय बगा. वढा येतो, लिंबारा येतो, गाव येतंय. हितं फिरून फिरून तुमीच येताव."

"मोजायचं माझ्याकडं राहू दे," मी म्हणालो. "तू माझ्याकडं बघत जा. संपलं की मी दोन्ही हात वर करीन."

"झालं मंग. मोजायचं तुमचं, पळायचं माजं."

इतकाच आमचा करार होता. बोटावर मोजायचं म्हटलं तर सटवाला वीसपर्यंत येत होतं, पण पळताना मोजलं की त्याचा श्वास चुकायचा. मला हे काम फार मोठ्या मानाचं वाटलं होतं.

ते दिवस ज्वारी हुरड्यात येण्याचे. पहाटे रानातून गोफणीचे आवाज यायचे, पाखरं उठायची, आणि त्या गलक्यात पांढऱ्या राखेच्या कडेने सटवा गोल पळत असायचा. आधी चार माणसं बघायला यायची, मग चाळीस. आली ती बघायला, आणि बघता बघता बोलायला लागली. "सटवा, हात आसं कामून धरायलास? हात सोड की!" एक जण म्हणाला, टाच टेकवू नको. दुसरा म्हणाला, टाचच टेकव. जन्मात पाच फर्लांग न पळालेली माणसं त्याला पळायचं कसं ते सांगायला लागली. पहिला येणार याबद्दल शंका कुणाला नव्हतीच. बोलणं पुढे गेलं. दुसऱ्याला किती फेऱ्यांनी मागे टाकतो ते बघायचं. साहेब त्याला घेऊन परभणीहूनच दिल्लीला जातात की गावाला निरोप द्यायला सोडतात, यावर पैजा लागल्या. अपेक्षा ठेवायला काही लागत नाही हो. दम लागत नाही, पायाला काटा लागत नाही, खायला उसना दाणा आणावा लागत नाही. कट्ट्यावर बसल्या बसल्या ती वाढवता येते आणि वाढवणाऱ्याला वाटतं आपण त्या माणसावर प्रेम करतोय.

सटवाची बायको भागा एकदा शाळेपाशी आली. डोक्यावर जळणाचा भारा होता, तो तिने उतरवलाही नाही. म्हणाली, "गुर्जी, परभनीला लय माणसं नगा नेऊ. त्येला माणसांचं वझं व्हतंय."

मी तिला समजावलं की आपली माणसं असली म्हणजे हुरूप येतो. ती मान न हलवता उभी राहिली, मान हलवता येतच नव्हती, आणि "तुमाला ठावं" म्हणून गेली. हुरूप हा शब्द तिला कळला असेल का, असा विचार मी तेव्हा केला होता. किती मूर्ख होतो मी.

गावातून दीडएकशे माणसं निघाली. हुरड्याची राखण बायकांवर टाकून बापे निघाले. गाड्या जुंपून गंगाखेडला, तिथून आगगाडीने परभणीला. भाकरी, ठेचा, कांदे, आणि एका पोत्यात गुलाल. गुलाल आधीच घेतला होता. सटवा डब्याच्या दारापाशी घोंगडीवर बसून बाहेर बघत होता. मी त्याला विचारलं, "काय बघतोस?" तो म्हणाला, "रान सरळ चाललंय."

मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. तंबू, खुर्च्या, खुर्च्यांवर हॅटवाले साहेब, एक पंच तोंडाला भोंगा लावून नावं पुकारत होता. आम्हाला दोराच्या बाहेर बसवलं, बरोबर सुरुवातीच्या रेघेसमोर. मी वही काढली. माझ्या शेजारी लिंबाजीआबा बसले. ते गावाचे मापारी. साठ वर्षं गावातल्या प्रत्येक खळ्यावरची रास त्यांनी पायलीने मोजलेली, आणि त्यांच्या मापावर भाऊभाऊ वाटण्या करायचे, कोर्टात जायचे नाहीत. आबांनी मांडीसमोर हातरुमालाएवढी दस्ती पसरली आणि कनवटीची ज्वारी काढली. एका फेरीला एक दाणा. "वहीचं वही बगंल," ते म्हणाले, "माजं म्या मोजतो." मला ते आवडलं नव्हतं. दोन मोजणारे कशाला?

शिट्टी झाली. दहा-बारा पळणारे रेघेवरून सुटले, आणि आबांनी "लाभ" म्हणत पहिला दाणा दस्तीवर ठेवला.

सटवा आपल्या डाकेच्या चालीने निघाला. दुसऱ्या फेरीला तो मागून तिसरा होता. आमची माणसं उभी राहिली. "सटवा, निजलास का रं!" "आरं, डाक न्हाई न्यायची, पळ!" तिसऱ्या फेरीला शिव्या सुरू झाल्या. चौथीला पाटील मला म्हणाले, "मास्तर, ह्यो बसला बगा. उगं आनला." नुसत्या चार फेऱ्यांत माणूस संपवून टाकला त्यांनी. मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला सांगू. मला लाज वाटत होती, आणि ती त्याची नव्हे, माझी वाटत होती. अर्ज मी भरला होता ना.

मग सहाव्या-सातव्या फेरीला जे झालं ते मी नंतर पुष्कळ शर्यतींत शोधलं, पण तसं दिसलं नाही. त्याने वेग वाढवला नाही. त्याची चाल तीच होती, पाच गावं करणारी. बाकीचेच कमी कमी होत गेले. बूटवाले, चड्डीवर नंबर लावलेले, एकेक करून त्याच्या बाजूला आले आणि मागे गेले. नवव्या फेरीला सटवा पहिला होता आणि त्याचं तोंड मिटलेलं होतं, श्वास नाकाने चालला होता. तंबूतले एक साहेब खुर्चीतून उठून पुढे आले. ते मी पाहिलं. आमची माणसं मघाच्या शिव्या विसरली आणि दोराला रेटायला लागली. दहावीला तो दुसऱ्याच्या पुढे चांगला शंभर पावलं होता.

पुढचं मी अनेकदा मनात हळूहळू चालवून पाहिलं आहे. सटवा रेघेकडे येत होता. माझ्या वहीत दहा काड्या होत्या, ही अकरावी. आबांनी दाणा ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बारा!" माझ्या कानाजवळच. दीडशे माणसांनी ते उचललं, "बारा! बारा! झालं!" त्याच क्षणी रेघेपाशी पंचाने घंटा हातात घेऊन वाजवायला सुरुवात केली. शेवटच्या फेरीच्या आरंभी घंटा देतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. माझ्या शाळेत घंटा झाली की सुटी होते. सटवाने माझ्याकडे बघितलं. ठरल्याप्रमाणे. मी वहीकडे बघितलं, अकरा काड्या होत्या. दीडशे माणसं चुकतात की मी, असा विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढाही मी घेतला नाही. मी एक काडी वाढवली आणि दोन्ही हात वर केले.

सटवा थांबला. दोर तुटला, माणसं मैदानात घुसली, त्याला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. पंच भोंग्यातून ओरडत होता, ते मराठीत होतं की इंग्रजीत, कुणाला ऐकू आलं नाही. दुसरा आला आणि गर्दीला वळसा घालून पुढे पळत गेला. तिसरा गेला, चौथा गेला. सटवा वरून ते बघत होता. सगळ्यांत आधी त्यालाच कळलं. तो वरून माणसांच्या डोक्यावर बुक्क्या मारत ओरडायला लागला, "सोडा! आरं सोडा मला!" आणि त्यांना वाटलं आनंदाने मारतोय, म्हणून त्यांनी त्याला आणखी वर उचललं.

सुटल्यावर तो पळाला. डोळ्यांत गुलाल, फेटा पायात, एका हाताने धोतर धरलेलं. तो चौथा आला. साहेब परत खुर्चीत जाऊन बसले होते.

परतीच्या गाडीत दोन स्टेशनं गेली. मग एक जण म्हणाला, "दम लागला व्हता त्येला. म्हून थांबला." मला वाटलं कुणीतरी म्हणेल, अरे आपणच उचललं की. कुणी म्हणालं नाही. दुसरा म्हणाला, पहिल्यापासून तो मागंच होता. तिसऱ्याने आवाज खाली आणून सांगितलं की जो पहिला आला त्याचा मामा सकाळी सटवाशी बोलताना आपण पाहिला. गंगाखेड येईपर्यंत गोष्ट पुरी झाली होती: सटवा पैसे खाऊन थांबला. दीडशे माणसांनी हातांनी धरून ठेवलेला माणूस, त्याच दीडशे माणसांनी तीन तासांत विकून टाकला. तो त्याच डब्यात होता. दारापाशीच, कानात अजून गुलाल.

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो फार हळू बोलला. "गुर्जी, तुमी हात वर केल्ता नव्हं?"

"तो जोर लाव म्हणून केला होता," मी म्हणालो. "शेवटची फेरी आली, जोर लाव, म्हणून."

"आसं व्हय," तो म्हणाला. "मला वाटलं झालं." आणि त्याने ते मान्य केलं. मास्तर खोटं बोलेल असं त्याला वाटलं नाही, म्हणून चूक त्याने स्वतःकडे घेतली. वहीचं ते पान मी गाडीतच फाडून खिडकीतून सोडलं.

नंतर ते लिहिणं. साप्ताहिकाला गावागावांतून बातमी पाठवणारी माणसं हवी असायची. मी शर्यतीचा वृत्तांत लिहून पाठवला आणि तो छापला. 'अपेक्षेच्या मानाने सटवाजीची कामगिरी अगदीच फिकी ठरली. ऐन वेळी त्याचा दम टिकला नाही व तो थांबला, त्यामुळे दूरवरून आलेल्या ग्रामस्थांची घोर निराशा झाली. ग्रामीण भागातील धावपटूंनी शिस्तीचे धडे घ्यावयास हवेत.' हे एकवीस वर्षांच्या माणसाने लिहिलं. हात वर केल्याचा उल्लेख त्यात नव्हता. कुणी तरी चुकलं असणारच. मग तो मी नसलेला बरा, एवढा सरळ हिशेब होता. तसं मी स्वतःशी म्हणालो मात्र नाही. मी म्हणालो, वृत्तांत निःपक्षपाती असावा.

साप्ताहिकाचा अंक मोटारीने आला. सटवाची पिशवी अजून महिनाभर होती, पण अंक मोटारीनेच आला. त्यात आपलं नाव आहे हे त्याला मोटारीवरच्या कुणीतरी सांगितलं. तो शाळेत आला, हात पुसून अंक माझ्यापुढे धरला. "वाचून दावा की गुर्जी. काय लिवलंय माज्याबद्दल?"

लिहिणारा मी आहे हे त्याला माहीत होतं. माझ्याकडे बघत तो वाट पाहत होता. आणि मी वाचलं. कागदावर बोट फिरवत, छापलंय तसं वाटावं म्हणून मधे मधे थांबत मी वाचलं की सटवाजी दमला नव्हता. तो शंभर पावलं पुढे होता. मोजणाऱ्यांची चूक झाली, एक फेरी शिल्लक असताना गावकऱ्यांनी त्याला उचललं, नाहीतर पहिला क्रमांक त्याचाच होता. सगळं खरं. माझ्या तोंडून खरं निघालं ते असं, खोटं वाचताना.

त्याचे डोळे भरून आले. "पेपरात हाय म्हंजे झालं," तो म्हणाला. "आता कोन काय म्हनंल." अंकाचं ते पान त्याने फाडून मागितलं, चार घड्या घातल्या आणि फेट्यात खोवलं.

कापणी झाली, खळी तयार झाली, बैलांची पात चालली, वाऱ्यावर धान्य उडवलं गेलं. मी पाटलांच्या खळ्यावर रास बघायला गेलो होतो. लिंबाजीआबा राशीला नमस्कार करून पुढे वाकले आणि पायली अजून राशीला लागायची होती तोच म्हणाले, "लाभ." ती भरून ओतली, दुसरीला हात घातला, "दोन." आमच्याकडे मापाची सुरुवात एकने करत नाहीत. एक म्हणजे एकटं, कमी. लाभ म्हणायचं. आरंभालाच लाभ म्हणायचं. मला मैदानावरचा तो पहिला दाणा आठवला. शिट्टी झाली तेव्हा, कुणी एक पाऊल पळायच्या आत, आबांनी लाभचा दाणा ठेवला होता. सटवा पहिली फेरी मारून आला तेव्हा ते म्हणाले होते, दोन. शेवटपर्यंत ते एकाने पुढे होते आणि त्यांच्या रीतीने कुठेच चुकले नव्हते.

भोवती पंधरा-वीस माणसं होती, तीच मैदानावरची. तिथे सांगता आलं असतं. मी आबांना बाजूला घेऊन नुसतं विचारलं, "आबा, त्या दिवशी माप चुकलं तर नव्हतं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरात चोरी केली आहे. "साठ वर्सं झाली, गुर्जी," ते म्हणाले. "माजं माप चुकल्यालं दावा, पायली गंगेत टाकतो." मी मनाशी म्हणालो, म्हाताऱ्याचं आयुष्यभराचं नाव कशाला घालवा. फार उदार वाटलं मला स्वतःबद्दल. सटवाचं नाव गेलेलं होतंच. ते घालवायचं काम नव्हतं.

आता रास इलेक्ट्रॉनिक काट्यावर जाते. लाल आकडे येतात, शून्यापासून. लाभ कुणी म्हणत नाही. मला त्याची हळहळ वाटायला हवी, ललित लिहिणाऱ्या माणसाला ती वाटायची पद्धत आहे. मला वाटत नाही. शाळांमधून मला क्रीडादिनाला बोलावतात, हार घालतात आणि जिद्द या विषयावर बोलायला लावतात. मी बोलतो. फक्कीच्या रेघा दिसतात, पोरं गोल पळत असतात, पालक बाहेरून ओरडत असतात, आणि मी जिद्दीवर दहा मिनिटं बोलून नारळ घेऊन घरी येतो.

मार्चअखेर सटवाचं काम सुटलं. त्याला कुणी मजुरीला सांगेना. पैसे खाणारा माणूस म्हणायचे. दुसऱ्यांची मेंढरं वळायला लागला. पुढे येलदरीच्या धरणाचं काम निघालं तेव्हा भागाला घेऊन तो तिकडे माती वाहायला गेला आणि गावात परत आला नाही. मुकादम म्हणायचा, डोक्यावर पाटी घेऊनसुद्धा हा माणूस पळतो, असं ऐकलं. खरं-खोटं कुणाला ठाऊक. पण त्याआधी, त्याच उन्हाळ्यात, मी गावात प्रौढांचा साक्षरता वर्ग काढला होता. दुपारी, रानात काम नसताना, शाळेपुढच्या लिंबाखाली. नवं राज्य येणार, नवे दिवस येणार, सगळ्यांना सही आली पाहिजे, असं मी भाषणात म्हणालो होतो.

सटवा पहिल्या दिवसापासून आला. शेवटच्या रांगेत बसायचा, कारण त्याच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. पण पाटी त्याच्यासारखी कुणी गिरवली नाही. मेंढरांमागे काठीने मातीत अक्षरं काढायचा. दीड महिन्यात तो जोडून वाचायला लागला आणि मी तालुक्याला पाठवायच्या अहवालात त्याचं नाव पहिलं लिहिलं.

ज्येष्ठाच्या तोंडाशी एका दुपारी तो उठून पुढे आला. म्हणाला, "आज म्या वाचतो. समद्यांनी ऐका." फेट्यातून घडी काढली. कागद घडीवर फाटला होता, घामाने पिवळा झाला होता. मला कळलं. तो वर्गाकडे तोंड करून उभा राहिला. समोर तीच माणसं बसली होती. तीन महिने तो त्यांना सांगत होता, पेपरात लिवलंय, मी न्हाई खाल्लं पैसं, गुर्जींनी वाचलंय. आज तो ते त्यांना स्वतःच्या तोंडाने ऐकवणार होता.

"सटवा, राहू दे," मी म्हणालो. "ते अक्षर बारीक आहे."

"येतंय की," तो म्हणाला, आणि बोट ठेवून सुरू झाला. "अ... पे..." थांबला. माझ्याकडे वळून कागद दाखवला. "ह्ये क्षचं हाय नव्हं गुर्जी? मागल्या आठवड्यात शिकिवलं ते?"

मी म्हणालो, "हो. क्षे."

"अपेक्षे... च्या... माना... ने..." एकेक अक्षर करत तो पुढे गेला. माणसं ऐकत होती. 'फिकी' ला त्याचा आवाज थोडा खाली आला, पण त्याला वाटलं पुढे येईल. 'दम' त्याला लगेच वाचता आला, दोनच अक्षरं होती. 'टिकला नाही' ला तो थांबला, मागे गेला, बोट परत पहिल्यापासून आणलं आणि परत वाचलं. आपलंच वाचणं चुकतंय असं त्याला वाटलं. माझ्याकडे बघत होता, मी दुरुस्त करीन म्हणून. पाठीमागून कुणीतरी हसलं. तरी तो सगळं वाचत गेला, शिस्तीच्या धड्यांपर्यंत, एकही अक्षर न गाळता. मी शिकवलं होतं तसं.

मग त्याने कागदाची घडी घातली, घड्या होत्या त्याच घातल्या, आणि मला म्हणाला, "गुर्जी, तुमी वाचून दावलं ते लय चांगलं व्हतं. तसं कामून लिवलं न्हाई?"

रागाने नाही विचारलं त्याने. मास्तराला अडलेलं विचारावं तसं विचारलं, आणि उत्तरासाठी उभा राहिला. मी पाटी उचलली, ती कुणाची होती कोण जाणे, आणि म्हणालो की आज वर्ग सुटला.

दुसऱ्या दिवशी सटवा वेळेवर येऊन लिंबाखाली बसला होता म्हणे. मी गेलो नाही.